सामूहिक वनहक्क

आपल्या रूढ हद्दीतील वनाचे संरक्षण, पुनर्निर्मिती, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा, वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभेस मिळणारा हक्क. हा अधिनियम ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला.

या हक्काच्या पूर्वपीठिकेविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ग्रामवनांच्या (शासनाने गावाकडे सोपविलेल्या वनांच्या) तरतुदीत (कलम २८) शोधतात, काही १९३१ च्या सुमारास कुमाऊँमध्ये आकारास आलेल्या वनपंचायतींमध्ये; तर वनप्रशासनाशी निगडित लेखनात पश्चिम बंगालमधील अराबारीचा १९७० च्या दशकाच्या आरंभीचा, गावकऱ्यांच्या सहभागाने वन राखण्याचा प्रयोग आणि १ जून १९९० चे संयुक्त वनव्यवस्थापनाचे (वनविभाग व गावकरी यांनी मिळून वन सांभाळण्याचे) परिपत्रक यांना अग्रस्थान दिले जाते. हे शेवटचे मत तितकेसे ग्राह्य वाटत नाही, कारण संयुक्त व्यवस्थापनात गावाचा वाटा शासकीय निर्णयाने ठरत असे. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये निस्तार हक्कांचा (घरगुती गरजेपुरते लाकूड, चारा इत्यादी वनातून घेण्याच्या हक्कांचा) स्पष्ट उल्लेख असल्याने, निदान पूर्व विदर्भापुरते तरी, मूळ जुन्या निस्तार व्यवस्थेत पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला. तरीही बांबूविक्रीचा प्रश्न सुटला नाही. १९२७ च्या अधिनियमाच्या व्याख्येत बांबूचा समावेश ‘झाड’ या संज्ञेत होता, तर २००६ च्या अधिनियमाने त्याला गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीजचे वनोत्पन्न) मानले. त्यामुळे तोडलेला बांबू गावाचा असूनही वाहतूक परवान्याअभावी तो हलविता येत नसे. एप्रिल २०११ मध्ये परवानापुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द झाले आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाने देण्याची कार्यपद्धती ग्रामसभेच्या समितीकडे सोपविली. १९२७ च्या अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले. मात्र वनातून आणलेला बांबू वनोपजच राहिला, हे अनेकदा नजरेआड होते.

कुटुंबांच्या दृष्टीने तेंदूपानांचा हंगाम विशेष महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात भल्या पहाटे तोडलेली पाने घरी आणून सारे घर पुडे बांधते. एका पुड्यात साधारणतः ७० पाने असतात, आणि सायंकाळी हे पुडे फळीवर (खरेदीच्या ठिकाणी) मोजून दिले जातात. काही ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतःच करतात. मोहफुले, चारोळी व डिंक ही इतर वनोपजे होत. पश्चिम घाटात, जुन्नर–आंबेगाव भागात, हिरड्याला असेच महत्त्व आहे.