गिट मायक्रोसॉफ्टचं नाही

नाशिकला कॉलेज रोडच्या कॉम्प्युटर क्लासांपासून अंबडच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांपर्यंत एक समज घट्ट बसलाय: गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि नेट गेलं की ते बंद. दोन्ही चूक.

२०१८ मध्ये विकलं गेलं ते गिटहब, म्हणजे गिटमधला कोड ठेवायची एक वेबसाइट. गिट त्याआधीचं, २००५ चं; बिटकीपर या तशाच सॉफ्टवेअरची फुकट सोय बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं, जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं. क्लोन केलं (प्रोजेक्टची पूर्ण प्रत घेतली) की सगळा इतिहास तुमच्याच डिस्कवर येतो, म्हणून कमिट (बदल नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी शाखा काढणं), लॉग (जुन्या नोंदी पाहणं) विनानेट चालतात. (सबव्हर्जन या तशाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कमिटलाच सर्व्हर लागतो, गैरसमज बहुधा तिथला.) नेट लागतं पुश-पुलला (बदल दुसरीकडे पाठवायला, तिथून आणायला), रेपो (कोडचा साठा) ऑफिसातल्याच दुसऱ्या मशीनवर असेल तर तेव्हाही नाही.