चेरीचं लाकूड आणि पानाचा विडा

"ह्ये कसलं लाकूड आणलाव सर? आजारी माणसावानी फिकट दिसायलंय." पहिला रंधा मारताच आमच्या लातूरच्या मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला. त्यांचं उभं आयुष्य सागवान आणि बाभळीत गेलेलं. या फळ्या होत्या अमेरिकन ब्लॅक चेरीच्या, शास्त्रीय नाव प्रुनस सेरोटिना. भाच्यानं पुण्याहून आणून दिल्या, टीपॉय करायला. जुन्या चेरीचा तो प्रसिद्ध तांबूस तपकिरी रंग वर्षानुवर्षं उजेड खाऊन आलेला असतो. ताजं रंधलेलं लाकूड फिकट गुलाबीच निघतं.

मिस्त्रींचा उपाय तयार होता: वॉलनट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा अक्रोडी रंग मारायचा, वरून पॉलिश. मी हात धरला. चेरीचे तंतू मधेच वळतात आणि वळणावर लाकूड जास्त रंग पितं. मग फळीवर वांग आल्यासारखे डाग दिसतात. स्टेनच हवा असेल तर आधी चपडा लाखेचा स्पिरिटमध्ये केलेला अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे ही तहान थोडी भागते. पण रंग लाकडाच्या पोटातच असताना तो वरून कशाला ओतायचा?

पान खाणाऱ्याला हे रसायन ठाऊक असतं, फक्त नाव माहीत नसतं. चुना पांढरा, कात तपकिरी, पिंक मात्र लाल. कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क. त्यात कॅटेचिनसारखी फिनॉल गटातली द्रव्यं असतात. चुन्याच्या अल्कलीत ती हवेतला ऑक्सिजन भराभर घेतात आणि रंगतात. चेरीच्या गाभ्यातही याच गोतावळ्यातली द्रव्यं आहेत. म्हणून मिस्त्रींना म्हटलं, फळीला विडा खाऊ घालू.

टपरीवरचा चुना पाण्यात ताकासारखा पातळ कालवला. चुन्याच्या निवळीचा पीएच साधारण 12.4 असतो, म्हणजे ती चांगलीच तीव्र अल्कली, हातमोजे हवेतच. एका तुकड्यावर ब्रशनं हात फिरवला. सुकल्यावर पांढरी भुकटी झटकली, व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून घेतलं, आणि खालून तांबूस रंग वर आला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण तुकडा दोनदा उलटून पाहिला.

दुसऱ्या तुकड्यावर मात्र बारीक काळे ठिपके उठले. आदल्या दिवशी मी तो स्टीलच्या काथ्यानं घासला होता, त्याचे कण तंतूंत अडकून राहिलेले. ओल्या लाकडात लोखंड आणि टॅनिन (तेही त्याच फिनॉल गोतावळ्यातलं) भेटले की काळाच रंग होतो. "बाभळीच्या गाडीला खिळ्याभवती काळं धरतंय, त्येच की ह्ये," मिस्त्री म्हणाले. अगदी तेच.

कॉस्टिक सोड्यानं रंग याहून गडद येतो, पण तो कातडीही जाळतो. पोटॅशियम डायक्रोमेटही चेरीला झटकन काळवंडवतं. शाळेच्या प्रयोगशाळेतले ते सुंदर नारिंगी स्फटिक. त्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोग करतं. घरात आणूच नये.

टीपॉयसाठी शेवटी ऊनच वापरलं. मे महिना, गच्चीवर कुरडया आणि सांडगे, त्यांच्या शेजारी चेरीच्या फळ्या. अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनचे, म्हणजे तंतूंना जोडून धरणाऱ्या द्रव्याचे, आणि त्या फिनॉलांचे बंध तोडतात, त्यातून रंगीत रेणू बनतात. इथं काम उजेडाचं आहे, उष्णतेचं नाही. आपल्याकडच्या चाळीस अंशांत फळी एकाच बाजूनं सुकून वाकते, म्हणून वाळवणासारखीच ती परतत राहावी लागते. दुपारी सावलीत, सकाळ-संध्याकाळ उन्हात, असा क्रम आम्ही लावला.

काचपेपरचा शेवटचा हात उन्हाआधीच मारायचा. रंगलेला थर अगदी पातळ असतो. नंतर घासलं की गोरं लाकूड पुन्हा डोकं वर काढतं. सालीजवळची पांढरी पट्टी मात्र काही केल्या रंगत नाही, कारण ती द्रव्यं गाभ्यात असतात. ती बाजू मिस्त्रींनी मुकाट खाली घेतली.

ऊन खाल्ल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात दिला, रंग आणखी खोल दिसायला लागला. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना ऑक्सिजन घेतं आणि तापतं. ढिगाऱ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि बोळा आपोआप पेटतो. आम्ही ते पसरून दगडावर वाळवले.

एक गोष्ट तेवढी फसली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वरच्या फळीवर लग्नपत्रिका ठेवून गेलं आणि संध्याकाळी तिच्याखाली फिकट चौकोन उमटलेला, गणपतीची सोंड छाटल्यासारखा कापलेला कोपराही स्पष्ट. मिस्त्री ती फळी पुन्हा रंधायला निघाले होते. मी थांबवलं. गडद झालेला भाग हळूहळूच पुढं सरकतो, मागं राहिलेला त्याला गाठतो. टीपॉय आता खिडकीपाशी आहे. दिवाळीत मिस्त्री आले तेव्हा चहाचा कप बाजूला सारून दोघांनी तो चौकोन शोधला. कुठं होता यावरून आमचं एकमत झालं नाही.