निदान-लॉग (जॉब शेड्युलर)

निदान-लॉग : ठरलेल्या वेळी व ठरलेल्या क्रमाने कामे चालवणाऱ्या प्रणालीतील (जॉब शेड्युलर) बिघाड शोधण्यासाठी तात्पुरती वाढवलेली तपशीलवार नोंद. नेहमीच्या लॉगमध्ये जॉब कधी लागला, कधी संपला, पास की फेल एवढेच असते. निदान-लॉगमध्ये मधले निर्णयही उतरतात. सांगली-सातारा पट्ट्यात सहकारी बँकेचे डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) आणि साखर कारखान्याचे पंधरवड्याचे ऊसबिल ही अशा कामांची ओळखीची उदाहरणे.

‘लॉग’ हा शब्द जहाजाचा वेग मोजायला पाण्यात टाकत त्या ओंडक्यावरून आला. शेड्युलरांचा पूर्वज ‘क्रॉन’ याच्या नावाबद्दल मात्र मतभेद आहेत. ग्रीक ‘क्रोनोस’ (काळ) यावरून ते पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘कमांड रन ऑन नोटिस’ ही आद्याक्षरी फोड मागाहून जुळवलेली असावी. क्रॉनचा उगम सर्वसाधारणपणे १९७० च्या दशकातला मानतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) तो होता. आज बऱ्याच लिनक्स यंत्रणांवर दिसणारे रूप पॉल व्हिक्सी यांच्या १९८७ च्या क्रॉनवरून आले.

नोंद किती तपशीलवार करायची हे ठरवणाऱ्या पातळ्यांचे आकडे गोंधळात टाकतात. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ई-मेल प्रणालीसाठी केलेल्या सिस्लॉग या लॉग-यंत्रणेत ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे डीबग (सर्वांत तपशीलवार पातळी). पायथन या प्रोग्रामिंग भाषेत क्रम उलटा : डीबग १०, क्रिटिकल ५०. एअरफ्लो हा शेड्युलर पायथनवर बेतलेला असल्याने तेथे दुसरी मोजणी लागू पडते. म्हणून सेटिंगमध्ये आकड्याऐवजी पातळीचे नाव लिहिणे बरे.

मांडणी करताना आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे. जॉब वेळेवर सुटलाच नाही, तर शेड्युलरची पातळी वाढवावी. सुटला पण चालला नाही, तर ज्या सर्व्हरवर तो चालतो तेथील एजंटची (जॉब प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची). सगळीकडे एकदम डीबग लावण्याची सवय वाईट. २०० बाइटची एक ओळ, सेकंदाला ५०० ओळी, या हिशेबाने तासाला ३६० एमबी आणि दिवसाला ८.६४ जीबी भरतात. २० जीबीचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) अडीच दिवसांच्या आत संपते आणि मग शेड्युलर स्वतःच अडकतो. लॉग वेगळ्या पार्टिशनवर ठेवून आकारमर्यादा घालावी, उदा. ५० एमबीच्या १० फाइल. जुनी फाइल बाजूला सारताना सेवेला (सतत चालणाऱ्या शेड्युलर प्रोग्रामला) नवी फाइल उघडण्याचा संकेत गेला नाही, तर ती जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते आणि नवी फाइल कोरी दिसते. फाइलची प्रत काढून मूळ रिकामी करणारी पद्धत हा प्रश्न टाळते, पण त्या क्षणाच्या काही ओळी गळू शकतात. पातळी बदलल्यावर सेवा रीस्टार्ट लागते का, हे आधी पाहावे; रीस्टार्टमध्ये अडकलेल्या जॉबची स्थितीच पुसली गेली, तर तपासायला काही उरत नाही.

दोन सर्व्हरचे लॉग जुळवायचे तर घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एकसारखी हवीत. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे १६ तारीख लागताच रात्री १२.३० ला चाललेला ऊसबिलाचा जॉब जागतिक वेळेच्या लॉगमध्ये १५ तारखेला १९.०० वाजता सापडतो. उलट, जागतिक वेळेच्या सर्व्हरवर रात्री १२.३० असेच लिहून ठेवले, तर जॉब आपल्याकडे पहाटे ६ ला लागतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असल्याने पंधरवडा नेमका कुठे तुटतो, याला येथे महत्त्व आहे.

एक्झिट कोड (जॉब संपताना मागे ठेवतो तो आकडा) वाचता आला तर पुष्कळदा डीबगची गरजच पडत नाही. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही : हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून फेल होते, कारण क्रॉनला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा मिळतो. १२६ म्हणजे चालवण्याची परवानगी नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रक्रिया सक्तीने मारली गेली. मेमरी संपली का ते कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये पाहावे. दोन जॉब एकमेकांच्या पुढेमागे होण्याचे बिघाड मात्र डीबग लावताच कधी कधी गायब होतात, कारण लिहिण्यात वेळ जाऊन क्रम बदलतो.

डीबगमध्ये कमांडची पूर्ण ओळ उतरत असल्याने तीत दिलेला डेटाबेसचा पासवर्ड किंवा खातेक्रमांकही उतरतो. फाइल पुरवठादाराकडे पाठवण्याआधी ते झाकावेत. जॉब एकदा चालवून बिघाड पकडला की पातळी त्याच दिवशी मूळपदावर आणतात.