अमेरिकी राज्यांचे पर्यायी नकाशे व नावे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पन्नास राज्यांच्या सीमा वेगळ्या आखून त्यांना नवी नावे देण्याचा, आणि त्यावरून खेळकर वाद घालण्याचा, हा तेथील भूगोलप्रेमींचा जुना छंद आहे. तो टिकून राहिला याचे एक कारण असे की, प्रत्यक्षातला नकाशाही बराचसा तडजोडींतून, घाईतून आणि कधी कधी निव्वळ योगायोगातून तयार झाला. त्यामुळे कल्पनेतला नकाशा आणि काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, एके काळी गंभीरपणे विचारात घेतलेला नकाशा यांतले अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

याचे सर्वांत रंजक उदाहरण १७८४ चे आहे. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशाची व्यवस्था लावण्यासाठी टॉमस जेफरसन यांच्या समितीने तो अक्षांश-रेखांशांच्या आधारे चौकोनी तुकड्यांत विभागण्याची शिफारस केली आणि दहा नावेही सुचवली: सिल्वेनिया, मिशिगेनिया, चेरोनेसस, असेनिसिपिया, मेट्रोपोटेमिया, इलिनोइया, साराटोगा, वॉशिंग्टन, पॉलिपोटेमिया आणि पेलिसिपिया. ग्रीक, लॅटिन आणि मूळ रहिवाशांच्या भाषांतील शब्दांची ही सरमिसळ काँग्रेसला रुचली नसावी, कारण त्या वर्षीचा वटहुकूम संमत झाला तो ही नावे गाळूनच. १७८७ च्या वटहुकुमाने त्या प्रदेशात तीन ते पाच राज्ये करण्याचे ठरवले, आणि मिशिगन व इलिनॉय ही नावे पुढे सुटसुटीत रूपात नकाशावर आली. पॉलिपोटेमिया मात्र केवळ विनोदापुरते उरले.

नावांवरून काँग्रेसमध्ये झालेली चर्चाही पुष्कळदा अशीच गमतीची आहे. आजच्या कोलोरॅडोसाठी आधी ‘आयडाहो’ हे नाव सुचवले गेले होते. तो मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द नसून रचलेला आहे असे कळल्यावर १८६१ मध्ये सिनेटने तो बदलला, आणि अवघ्या दोन वर्षांनी तेच नाव दुसऱ्या प्रदेशाला देऊन टाकले. १८५३ मध्ये वायव्येकडील एका नव्या प्रदेशाला ‘कोलंबिया’ म्हणावे असा प्रस्ताव होता. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्याशी घोटाळा होईल म्हणून त्याला वॉशिंग्टन हे नाव देण्यात आले. घोटाळा त्याने टळला नाही, हे सांगायला नको.

न झालेल्या राज्यांची यादीही लांब आहे. आजच्या पूर्व टेनेसीतील ‘फ्रँकलिन’ला १७८४ नंतर काही वर्षे स्वतःचे गव्हर्नरही होते. मॉर्मन पंथीयांनी १८४९ मध्ये मागितलेल्या विस्तीर्ण ‘डेझरेट’ऐवजी पुढील वर्षी काँग्रेसने आकाराने लहान असा यूटा प्रदेश निर्माण केला. १९०५ मध्ये मस्कोगी येथील अधिवेशनात मूळ रहिवासी जमातींच्या नेत्यांनी ‘सिक्वोया’ राज्याची घटना तयार केली, पण काँग्रेसने ते मान्य केले नाही आणि १९०७ मध्ये तो भाग ओक्लाहोमात गेला. हे प्रकरण थट्टेच्या सदरात बसत नाही. पर्यायी नकाशांच्या गप्पांत त्याचा उल्लेख इतरांच्या रांगेत सहज होतो, तो खटकतो.

थट्टा आणि तक्रार यांचा खरा मिलाफ १९४१ च्या ‘जेफरसन’ राज्यात दिसतो. कॅलिफोर्नियाचा उत्तर आणि ओरेगनचा दक्षिण भाग यांतील लोक खराब रस्त्यांनी वैतागले होते, कारण त्यांमुळे तेथील खनिजे व लाकूड बाहेर नेणे कठीण झाले होते. नोव्हेंबरात वायरीका गावाजवळ बंदुकधारी तरुणांनी महामार्गावर वाहने अडवून, पुढील सूचना मिळेपर्यंत दर गुरुवारी आपण फुटून निघणार असल्याची पत्रके वाटली. राज्याच्या मुद्रेवर सोने धुण्याचे तसराळे आणि त्यावर दोन फुल्या (इंग्रजीत ‘डबल क्रॉस’, म्हणजे दगाही) होत्या. सेलम आणि सॅक्रामेंटो या दोन्ही राजधान्यांनी आपल्याला फसवले, असा त्यांचा अर्थ. डिसेंबरच्या आरंभी गव्हर्नरही निवडला गेला, पण ७ तारखेला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि चळवळ थांबली.

विसाव्या शतकातील सर्वांत पद्धतशीर प्रस्ताव भूगोलाचे प्राध्यापक जी. एट्झेल पिअर्सी यांचा होय. १९७३ मध्ये त्यांनी अडतीस राज्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. सीमा विरळ वस्तीतून जाव्यात, एकाच महानगराचे दोन-तीन राज्यांत तुकडे होऊ नयेत आणि राज्य सरकारांची संख्या घटून खर्च वाचावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी दिलेली कॅस्केड, शेनँडोआ, टाइडवॉटर, बिगहॉर्न, अलामो ही नावे त्या त्या परिसराशी निगडित असल्याने कानाला परकी वाटत नाहीत, आणि या बाबतीत ते जेफरसन यांच्यापेक्षा निश्चितच सरस ठरतात.

असे नकाशे कागदावरच राहतात, याचे कारण अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदात आहे. विद्यमान राज्यातून नवे राज्य काढायचे तर काँग्रेसबरोबरच संबंधित राज्याच्या विधिमंडळाची संमतीही लागते. भारतात राष्ट्रपती संबंधित विधानमंडळाचे मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन संसदेच्याच कायद्याने झाले. टेक्ससच्या १८४५ च्या विलीनीकरण ठरावात मात्र त्या राज्यातून आणखी चार राज्ये काढण्याची तरतूद आहे. पुढे उपाध्यक्ष झालेले जॉन नान्स गार्नर यांनी तिचा आधार घेऊन टेक्ससच्या पाच राज्यांची कल्पना मांडली होती, आणि त्या पाचांच्या सीमा कोठून जाव्यात यावर वाद घालणे हौशी नकाशाकारांना अजूनही आवडते.