नाण्याच्या कडेवरची अक्षरं का चुकतात?

अमेरिकेचा जुना चांदीचा अर्धा डॉलर हातात आला की लोक आधी साल बघतात, मग गरुड. कड बघायची राहून जाते. १७९४ ते १८३६ या काळातल्या या नाण्यांच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ असा मजकूर असतो. कड तासून चांदी चोरणाऱ्याला आळा बसावा, म्हणून ही सोय होती.

हा मजकूर छाप मारण्याआधीच, वेगळ्या यंत्रावर कोऱ्या चकतीवर उमटवत. फ्रान्समधल्या ज्याँ कास्तँच्या नावाने ते यंत्र ओळखलं जातं. त्यात पोलादाच्या दोन समांतर पट्ट्या असत आणि प्रत्येकीवर अर्धा मजकूर. एक पट्टी स्थिर, दुसरी दातेरी चाकाच्या मदतीने हाताने सरकवायची. मधली चकती गडगडत पुढे जाई. अर्ध्या डॉलरचा व्यास सुमारे ३२.५ मिमी, म्हणजे परीघ साधारण १०२ मिमी. सरकती पट्टी तेवढी पुढे गेली की चकती बरोबर अर्धा फेरा फिरते, प्रत्येक पट्टी निम्म्या कडेवर उमटते आणि मजकूर पूर्ण होतो.

म्हणून चूक शोधायची तर दोन अर्ध्यांचे सांधे आधी बघावेत. पट्ट्यांची सुरुवात एकमेकींशी जुळलेली नसेल, तर एका सांध्यावर फट पडते आणि दुसऱ्यावर अक्षरं एकमेकांवर चढतात. चकतीच लहान असेल, तर दोन्ही सांध्यांवर अक्षरं चढतात. मोठी असेल, तर दोन्हीकडे फट राहते. चकती मध्येच घसरली, तर अक्षरं फरफटतात किंवा दाटीवाटीने बसतात. तीच चकती दुसऱ्यांदा यंत्रातून गेली, तर मजकुरावर मजकूर येतो. दुहेरी कडेचा हा प्रकार सगळ्यात देखणा.

अक्षरं सुलटी की उलटी, याला मात्र महत्त्व देऊ नये. चकती छापयंत्रात कोणत्याही बाजूने ठेवली जाई, त्यामुळे दोन्ही प्रकार सर्रास सापडतात.

प्रत्येक वेगळी कड चूक नसते. १८०९ च्या काही अर्ध्या डॉलरांवर शब्दांमधल्या मोकळ्या जागेत फुल्यांची रांग आहे, काहींवर उभ्या रेघांची. या खुणा पट्टीवरच कोरलेल्या होत्या, म्हणून हे उपप्रकार ठरतात.

अक्षर गायब दिसलं तरी लगेच चूक मानू नये. त्या काळी छाप मारताना चकतीभोवती घट्ट कडं नसे. चांदी बाहेर पसरायची आणि अक्षरं थोडी चपटी व्हायची. पुढे वापरातली झीज, किंवा दागिन्यात बसवलेलं नाणं सोडवताना घासलेली कड. झिजलेल्या अक्षराचा तळ बहुधा अंधुक उरतो. मुळात न उमटलेल्या जागी धातू सलग दिसतो.

तपासताना नाणं कडेनेच धरावं, खाली मऊ कापड असावं. दहापट भिंग, एका बाजूने तिरपा उजेड, आणि सांध्यापासून सुरुवात करून सावकाश पूर्ण फेरा. कडेचा ठसा मातीत घेण्याचा मोह टाळावा; मॉडेलिंगच्या काही मातींमध्ये गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते. त्यापेक्षा नाणं थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढून ओळीने जोडावेत.

नाणं सीलबंद प्लास्टिकच्या डबीत असेल आणि कड झाकलेली असेल, तर विकत घेण्याआधी कडेचे फोटो मागून घ्यावेत.