गोंडवाना विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी 2011 साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून इथल्या उमेदवाराला संशोधनासाठी नागपूर गाठावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2022 ची नियमावली मात्र इथेही तीच.

पात्रता सोपी आहे. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) उमेदवारांना 5 टक्के सवलत मिळते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचे तर 75 टक्के लागतात. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल, तर टक्केवारीत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

प्रवेश परीक्षेत, म्हणजे ‘पेट’मध्ये, निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. नापास होणारे बहुतेकदा पहिल्या भागात अडकतात, कारण विषयाची तयारी सगळेच करतात. उत्तीर्ण व्हायला 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 45. अंतिम यादीत लेखी परीक्षेचे 70 आणि मुलाखतीचे 30 टक्के धरले जातात. जून 2024 पासून ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात ‘फक्त पीएच.डी.’ हाही गट आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळालेल्यांचे नेटचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला स्थलांतर प्रमाणपत्राचा. महाविद्यालय गडचिरोलीत असले तरी 2011 पूर्वीच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचे नाव असते, म्हणून हे प्रमाणपत्र (मायग्रेशन) तिथूनच आणावे लागते. ‘आपण तर इथलेच’ असे समजून लोक शेवटच्या आठवड्यात धावतात.

दुसरा घोळ नोकरदारांचा. आश्रमशाळेतल्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण ‘हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र पुरत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू. मसुदा स्वतः टाइप करून न्यावा; कार्यालयाचे कष्ट वाचतात आणि आपलेही.

जातीचे प्रमाणपत्र प्रांत कार्यालयाचे हवे. वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा. ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत बघा, जुने प्रमाणपत्र चालत नाही. भामरागडकडच्यांनी ही कामे जूनआधी उरकावीत. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद आणि नेटवर्कचाही भरवसा नाही.

यादीत नाव येऊनही प्रवेश अडतो तो मार्गदर्शकापाशी. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी, ही मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच आपल्या विषयाच्या संशोधन केंद्रात रिक्त जागा विचारा.

प्रवेशानंतर किमान 12 क्रेडिटचे कोर्सवर्क असते आणि त्यात 55 टक्के मिळवावे लागतात. कोर्सवर्क धरून पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. आदिवासी उमेदवारांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, वर्षाला 750 जागा. नोंदणीचे पत्र हाती येताच त्याच्या प्रती काढून ठेवा, अधिछात्रवृत्तीच्या अर्जाला तेच पहिले लागते.