अपघात विभागातील रुग्णसेवा, कोल्हापूर

आकस्मिक आजार किंवा इजा झालेल्या रुग्णाची प्रथम तपासणी, उपचारांचा अग्रक्रम ठरवणे आणि जीवरक्षक उपचार ही अपघात विभागाची कामे होत. व्यवहारात ‘कॅज्युल्टी’ हा शब्द रूढ आहे.

कोल्हापुरातील मुख्य शासकीय केंद्र म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय. त्याचे पूर्वरूप असलेले ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आराखड्याचे श्रेय सामान्यतः मेजर चार्ल्स मँट यांना दिले जाते. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करण्याच्या उपचारालाही ‘सीपीआर’ म्हणतात. पण शहरात ‘सीपीआर’ म्हटले की आधी रुग्णालयच समजले जाते, म्हणून प्रथमोपचार शिकवताना ‘छातीदाब’ म्हणणे बरे.

सुधारणेच्या चर्चेत ‘सुवर्णतास’ (गंभीर इजेनंतरचा, उपचारांसाठी निर्णायक मानला जाणारा पहिला तास) ही संज्ञा वारंवार येते. तिचे जनकत्व बहुधा बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. ॲडम्स काउली यांना देतात. काहींच्या मते कल्पनेचे मूळ पहिल्या महायुद्धातील फ्रेंच लष्करी नोंदींत आहे. लर्नर आणि मॉस्काटी यांच्या २००१ च्या आढाव्यात साठ मिनिटांच्या मर्यादेला भक्कम आधार आढळला नाही. त्यामुळे सरसकट एका तासापेक्षा आजारनिहाय मुदत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘क्रॅश-२’ या चाचणीत (२०१०) ४० देशांतील २०,२११ जखमींचा समावेश होता. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध लवकर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, तीन तासांनंतर मात्र ते अपायकारक ठरू शकते, असे तिच्या पुढील विश्लेषणात दिसले.

ऊसपट्टा आणि सह्याद्रीचा उतार यांमुळे या भागात सर्पदंशाचे महत्त्व मोठे. मण्यारचा दंश अनेकदा रात्री, झोपेत होतो. वेदना व सूज नगण्य असल्याने तो दुर्लक्षित राहतो आणि पापण्या जड होणे हेच पहिले ठळक लक्षण ठरते. घोणस व फुरसे यांच्या दंशात रक्त गोठत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवण्याची चाचणी यासाठी पुरते. तिला यंत्र लागत नाही. प्रतिविषाची मात्रा मुलांना व प्रौढांना सारखीच, कारण ती विषाच्या प्रमाणावर ठरते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरच हे प्रतिविष बनलेले असल्याने घाटातील चापडा या विषारी सापाच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. आपत्कालीन प्रशिक्षणात हा भाग अग्रभागी हवा.

सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात (१९८९) जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. मदत करणाऱ्या नागरिकाला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने (कलम १३४-अ) संरक्षण मिळाले. राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. आपत्कालीन वैद्यकाला भारतात स्वतंत्र विद्याशाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता मिळाली.

चंदगड हे कोल्हापूर शहरापासून शंभर किलोमीटरांहून दूर आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पुणे–बंगळूर महामार्गही बंद पडला होता. त्यामुळे प्रतिविषाची पहिली मात्रा ग्रामीण रुग्णालयातच सुरू करावी आणि रुग्णाला नंतर हलवावे, हा क्रम येथे विशेष महत्त्वाचा.